वय काय फक्त डाव्या कानाचं झालं?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी दोघातिघांनी विचारलं, "बाई, ब्लॉग बंद केलात की काय?" बंद केला नव्हता. मीच जरा बंद पडले होते. आता पुन्हा सुरू झाले आहे, आणि सुरुवातीलाच भांडायला आले आहे. भांडण बाहेरच्या कुणाशी नाही, तुमच्याशीच आहे. त्यातही आपल्या घरच्या मंडळींशी जास्त! मोठ्या वन्सं हे वाचणार, धाकटे दीर वाचणार, पुण्याची लेक तर वाचून लगेच फोन करणार. सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचा, मग काय बोलायचं ते बोला.

झालं असं. दीड वर्षापूर्वी श्रावणातल्या एका सकाळी जाग आली ती शिट्टीने. कुकरची शिट्टी असते तशी नव्हे. कुकर एकदा वाजून गप्प बसतो. ही वाजायला लागली ती लागलीच. मला वाटलं फ्रीज बिघडला. आमच्या ह्यांना म्हटलं, "अहो, जरा फ्रीजचं बटण बंद करा बघू." त्यांनी बंद केलं. शिट्टी चालूच. मग वाटलं खिडकीपाशी रातकिडा असेल. खिडकी लावली, शिट्टी चालूच. अंगणात जाऊन उभी राहिले तर शिट्टी माझ्याबरोबर अंगणात! तेव्हा कळलं की आवाज घरात नाही, माझ्या डाव्या कानात आहे.

त्याच दिवशी दुपारी लेकीचा फोन आला. सवयीने फोन डाव्या कानाला लावला तर तिचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मी फोन उजव्या कानाला घेतला आणि गप्पा पुढे चालू! बघा, आजाराने स्वतःहून दार ठोठावलं, आणि मी दुसऱ्या दाराने बाहेर पडून कामाला लागले. पस्तीस वर्षं पोरांना 'नीट लक्ष द्या' म्हणणारी बाई मी. पण माझं लक्ष शिट्टीकडेच होतं. डाव्या कानाने ऐकू येईनासं झालंय, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

तिथून पुढे सोळा दिवस गेले. ते सोळा दिवस कसे गेले, तेच आज सांगायचं आहे.

पहिल्या दिवशी मोठ्या वन्संनी लसूण घालून कडवलेलं तेल आणलं. प्रेमाने आणलं, यात शंका नाही. कोमट करून कानात घातलं, वर कापसाचा बोळा. दुसऱ्या दिवशी शेजारणीने कांद्याचा रस सांगितला. तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॅपवर एकाच वेळी चार उपाय आले. त्यातल्या दोघांत तुळस होती आणि एकात तुरटी. चौथ्या दिवशी सत्संगाला येणाऱ्या एका भगिनींनी माझे हात हातात घेतले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "बाई, भाग्यवान आहात. हा अनाहत नाद आहे. साधकांना वर्षानुवर्षं ऐकू येत नाही, तुम्हाला घरबसल्या आला." आठवड्याने आम्ही नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, "वय किती झालं आता?" म्हटलं, चौऱ्याहत्तर. ते हसले. "मग होणारच हो बाई. वयोमान. गोळी लिहून देतो, लक्ष देऊ नका." कान बघितला नाही. एका कानात आहे की दोन्ही, हेही विचारलं नाही.

सोळाव्या दिवशी भाजी मंडईत माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. आता ती स्वतः कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. म्हणाली, "बाई, मी तुम्हाला मघापासून तीन हाका मारल्या. तुम्ही वळला नाहीत." मी म्हटलं, "अगं, कानात जरा गुणगुण आहे." ती एकदम गंभीर झाली. "कधीपासून? एकाच कानात? अचानक?" मेथीची जुडी पिशवीत घालायलासुद्धा वेळ दिला नाही तिने. तशीच दवाखान्यात घेऊन गेली.

तिथे तिने आधी कानातलं तेल साफ केलं (वन्सं, रागावू नका). मग नादकाटा वाजवून माझ्या कपाळाच्या मध्यावर टेकवला आणि विचारलं, "आवाज कुठल्या बाजूला येतो?" मी म्हटलं, उजवीकडे. तिचा चेहरा उतरला. मग बंद खोलीत बसवून ऐकण्याची रीतसर तपासणी झाली, तिचा आलेख निघाला. उजव्या कानाची रेघ माझ्या वयाला शोभेल अशी, हळूहळू खाली उतरलेली. डाव्या कानाची रेघ मात्र विहिरीत पडल्यासारखी.

"बाई, याला अचानक आलेला बहिरेपणा म्हणतात. आतल्या कानाचा किंवा नसेचा. गुणगुण हे त्याचं एक लक्षण. स्टिरॉइडच्या गोळ्या पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केल्या तर फायद्याची आशा जास्त असते. तुम्ही सोळाव्या दिवशी आलात."

माझ्याच वर्गातली मुलगी मला उशिराची शिक्षा सांगत होती. बाकावर उभं राहावंसं वाटलं.

पुढे कानाच्या पडद्यातून औषधाची इंजेक्शनं झाली. दोन ते सहा आठवड्यांच्या आत आलेल्यांना तोही एक मार्ग असतो. एमआरआय झाला, नसेवर गाठ वगैरे नाही ना हे बघायला. सुदैवाने नव्हती. थोडं ऐकू परत आलं. जाड आवाज आले, बारीक आवाज आले नाहीत. आमच्या ह्यांचा आवाज डाव्या कानाला येतो, नातीचा येत नाही. आणि शिट्टी आहे ती आहेच. आता लिहितानाही आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, नाहीतर मीही त्या व्हॉट्सॅपवाल्यांच्याच माळेत बसेन. पहिल्या दिवशी गेले असते तर कान पूर्ण बरा झाला असता, असं छातीठोकपणे कुणीही सांगू शकत नाही. काहींचा कान काही न करता आपोआप सुधारतो. काहींचा वेळेवर औषध घेऊनही सुधारत नाही. बहुतेकांना हा आजार कशामुळे झाला याचं कारणच सापडत नाही. माझं म्हणणं एवढंच की मला एक संधी होती, आणि ती लसणीच्या तेलात तळली गेली. परीक्षेत नापास होण्याचं दुःख वेगळं आणि परीक्षेला बसूच न दिल्याचं वेगळं.

आता भांडणाकडे वळते. माझी तक्रार तीन गोष्टींवर आहे: तेल, अध्यात्म आणि वयोमान.

पहिलं तेल. मी शास्त्र शाखेची नव्हे. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई. पण सातवीच्या मुलांनाही कळेल असं एक चित्र आहे, ते डोळ्यांसमोर आणा. कानाच्या नळीच्या शेवटी पडदा असतो. पडद्याच्या पलीकडे तीन इवलीशी हाडं. त्यांच्याही पलीकडे गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली नळी, आणि त्या नळीत केसाळ टोकांच्या हजारो सूक्ष्म पेशी. आवाजाने या पेशी हलतात, त्याचा संदेश नसेतून मेंदूकडे जातो. एका कानात या पेशी साधारण पंधरा-सोळा हजार असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. नखं उगवतात, केस उगवतात, या नाही उगवत.

आता सांगा, पडदा शाबूत असेल तर तेल कुठपर्यंत जाईल? पडद्यापर्यंतच. माझा बिघाड होता पडद्याच्या पलीकडे. म्हणजे चोर माडीवर आणि आम्ही अंगणात काठी आपटतोय. आणि पडद्याला भोक असेल तर तेल आत जाईल खरं, पण तिथे ते औषध ठरणार नाही, जंतूंना बरोबर घेऊन जाणारं वाहन होईल. दोन्हीकडून तोटाच. फक्त कानात घट्ट मळ साचला असेल तर तो मऊ करायला थेंब वापरतात. पण मळच आहे आणि पडदा धड आहे, हे आधी कुणीतरी आत बघून सांगायला हवं ना?

यावर "आपलं आयुर्वेद..." असं कुणीतरी म्हणणारच, म्हणून सांगते. सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग मोजले आहेत. त्यात कर्णनाद वेगळा, कर्णक्ष्वेड वेगळा, बाधिर्य म्हणजे बहिरेपणा वेगळा आणि कान वाहणं वेगळं. ज्यांनी इतक्या बारकाईने अठ्ठावीस खण केले, त्यांच्या नावावर आपण सरसकट एक वाटी तेल खपवतो. कर्णपूरण हा वैद्याने तपासून करायचा विधी आहे. फोडणीच्या कढईतलं उरलेलं कानात ओतणं म्हणजे कर्णपूरण नव्हे. परंपरेचा मान राखायचा तर तिच्यातली शिस्तही घ्या.

दुसरं अध्यात्म. नादानुसंधान मला ऐकून माहीत नाही असं नाही. हठयोगप्रदीपिकेत समुद्र, मेघ, भेरी, घंटा, वेणू, भ्रमर अशा नादांचं वर्णन येतं. पण तो नाद साधक आसन घालून, कान मिटून, अभ्यासाने ऐकतो आणि शेवटी शांत होतो. माझ्याकडे आलेला हा नाद मी झोपेत असताना आला, न विचारता आला आणि येताना डाव्या कानाचं ऐकणं घेऊन गेला. देव एका हाताने घंटा देऊन दुसऱ्या हाताने कान काढून घेत नसावा, एवढा माझा त्याच्यावर विश्वास आहे. माझं माहेर मिरजेचं. तंबोऱ्याच्या गल्लीतून शाळेत जायचे. तंबोरा कसा बोलतो हे मला कुणी शिकवायला नको. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या कानातल्या तंबोऱ्याला मात्र ना षड्ज ना पंचम! हा नुसता रडतो. दुखणाऱ्या माणसाला "भाग्यवान आहात" म्हणणं ही दया नव्हे. त्याला दवाखान्याच्या वाटेवरून माघारी फिरवणं आहे ते.

तिसरं आणि सगळ्यात वाईट, वयोमान. तेलाने कान चिकट होतो, वयोमानाने माणूस गप्प होतो. एक जुना विनोद आहे. म्हातारा डॉक्टरला म्हणतो, डावा गुडघा दुखतोय. डॉक्टर म्हणतात, वय झालं. म्हातारा म्हणतो, अहो, उजवा गुडघाही त्याच वयाचा आहे! मंडळी, हा विनोद नाही, हे निदान आहे. वयाने ऐकू कमी येतं हे खरंच. पण वय दोन्ही कानांवर येतं, साधारण सारखं येतं, आणि वर्षानुवर्षं हळूहळू येतं. ते श्रावणातल्या एका सकाळी डाव्या कानावर झडप घालत नाही. जे रातोरात आलं ते वय नव्हे, ती घटना आहे. आणि घटना घडली की पंचनामा करायचा असतो.

बेथोवेनने १८०१ साली आपल्या एका डॉक्टर मित्राला पत्र लिहून सांगितलं होतं की कानांत रात्रंदिवस गुणगुण चालते. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. त्याला काय वयोमान सांगणार? स्मेताना नावाचा चेक संगीतकार १८७४ मध्ये बहिरा झाला. दोन वर्षांनी त्याने आपल्याच आयुष्यावर तंतुवाद्यांची एक चौकडी रचली. तिच्या शेवटच्या भागात व्हायोलिनवर एकच उंच, लांब, बोचरा स्वर येतो. त्याच्या कानातली शिट्टी होती ती. नातवाने मला ती ऐकवली (उजव्या कानाला). मी दोन मिनिटं काही बोलले नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या परदेशी माणसाने माझी तक्रार बरोबर लिहून ठेवली होती, आणि माझ्या घरातल्यांना ती ऐकू येत नव्हती.

आता ही गुणगुण मुळात होते कशी, तेही सांगते, कारण समजलं की निम्मी भीती जाते. माझा स्वतःचा अनुभव आहे. जुना रेडिओ आठवा. आकाशवाणी सांगली लागत नसलं की आपण काय करायचो? आवाजाची खुंटी पिळायचो. स्टेशन तर येत नाहीच, खरखर मात्र मोठी होते. मेंदूही तेच करतो, असं बऱ्याच शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. आतल्या कानाकडून संदेश कमी यायला लागले की मेंदू आपली खुंटी पिळतो, आणि मग स्वतःचीच खरखर ऐकतो. म्हणून आवाज बाहेर कुठे नसतो, पण तो 'मनाचा खेळ' किंवा 'वेड'ही नसतो. आणि थोडी खरखर सगळ्यांकडेच असते. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ऐंशी जणांना एकेकट्याने आवाजबंद खोलीत बसवलं होतं. त्यातल्या सुमारे ९४ टक्के लोकांनी कसले ना कसले आवाज ऐकू आल्याचं सांगितलं. म्हणून चार क्षण कानात 'कुईं' होऊन विरून गेलं तर घाबरू नका. ते बहुतेक सगळ्यांना होतं.

घाबरायचं कधी? वहीत उतरवून घ्या. बाईंनी फळ्यावर लिहिलंय असं समजा.

एक. गुणगुण अचानक सुरू झाली आणि त्याच कानाने ऐकू कमी येतंय, किंवा कान भरल्यासारखा वाटतोय. बहात्तर तासांच्या आत ऐकू येणं घसरलं तर डॉक्टर त्याला अचानक आलेला बहिरेपणा धरतात. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कानाच्या डॉक्टरकडे. कान बघितला, मळ नाही, पडदा ठीक आहे, म्हणून घरी पाठवत असतील तर ऐकण्याची तपासणी मागून घ्या. दिसायला कान चांगला असतो, तीच तर यातली मेख आहे.

दोन. बरोबर तोंड वाकडं झालं, हातापायातली शक्ती गेली, बोलणं अडखळलं, किंवा एकाएकी जोराची चक्कर आली, तर दवाखाना नव्हे, सरळ मोठं रुग्णालय. रात्र असली तरी.

तीन. नाडीच्या ठोक्याबरोबर धप्‌ धप्‌ असा आवाज येतोय. तो रक्तवाहिन्यांशी संबंधित असू शकतो. त्याची वेगळी तपासणी असते.

चार. डोक्याला मार लागल्यावर सुरू झालं, किंवा कान दुखतोय, वाहतोय.

पाच. नवीन औषध सुरू केल्यावर सुरू झालं. जास्त मात्रेतलं अॅस्पिरिन, जेंटामायसिनसारखी काही इंजेक्शनं, कॅन्सरवरचं सिसप्लॅटिन, लघवी होण्याच्या काही गोळ्या यांनी कानाला त्रास होऊ शकतो. मात्र आपल्या मनाने औषध बंद करू नका. डॉक्टरांना सांगा.

घरच्या घरी करायची एक युक्ती माझ्या विद्यार्थिनीने शिकवली. तोंड मिटून 'हूं' असा एकसारखा आवाज काढायचा. बिघडलेल्या कानात तो मोठा वाटला तर मळ किंवा मधल्या कानाची भानगड असण्याची शक्यता. चांगल्या कानाकडे मोठा वाटला तर आतल्या कानाची किंवा नसेची, आणि मग चप्पल घालायची. ही नुसती खूण आहे, निदान नव्हे. पण मला ही खूण पहिल्या दिवशी माहीत असती तर... असो.

आता ज्यांची गुणगुण तपासून झाली, धोका नाही असं कळलं, पण ती जात नाही, अशा माझ्या भाऊबंदांसाठी. आपण बरेच आहोत, फक्त बोलत नाही.

आधी कटू सत्य. ही गुणगुण हमखास बंद करणारी गोळी आज जगात नाही. "तीन दिवसांत कर्णनाद गायब" असं जो सांगतो तो तुमचे पैसे गायब करतो. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. जिंकगोच्या गोळ्या, झिंक आणि मेलाटोनिन हे या त्रासासाठी सुचवू नका, असं त्यात डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं आहे. माझ्या कपाटात यातल्या दोन बाटल्या निघाल्या. एक दिरांनी आणलेली, एक भाचीने पाठवलेली. दोघांना धन्यवाद, बाटल्या संपल्यावर लोणच्याच्या मसाल्याला वापरल्या.

मग उपयोग कशाचा होतो? ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचा. बाहेरचे आवाज आत यायला लागले की मेंदू आपली खुंटी थोडी सैल करतो. लाज वाटते म्हणून यंत्र न लावणाऱ्यांनी चष्मा काढून ठेवावा, मग बोलू. दुसरं म्हणजे संपूर्ण शांतता टाळायची. रात्री मी पंखा लावते, थंडीत लहान आवाजात रेडिओ किंवा मोबाइलवर पावसाचा आवाज. शिट्टीला बुडवायचं नाही, तिला सोबत द्यायची. दिव्याच्या उजेडात काजवा मंद दिसतो, तसं होतं. तिसरं, ज्यांची झोप उडाली, मन खचलं, त्यांनी मनाच्या डॉक्टरकडे जायला लाजू नये. विचार आणि सवयी बदलण्याची एक उपचारपद्धत आहे, ती आवाज घालवत नाही पण त्याचा जाच कमी करते, आणि त्याच सूचनांमध्ये ती सुचवलेली आहे. मी सुरुवातीला दर दहा मिनिटांनी 'आहे का? गेली का?' असं तपासत बसायचे. खपली काढत बसल्यावर जखम कशी भरणार? आता शिट्टी दिवसातले कित्येक तास आठवतही नाही. ती गेलेली नाही. आमचं शेजारपण जमलं आहे, एवढंच. (चहा मी सोडलेला नाही. सगळंच कानाला द्यायचं काय?)

आणि कान साफ करायच्या काड्या केरात टाका. मळ बाहेर येत नाही, आत ठासला जातो. हेअरपिन, किल्ली, आगकाडी यांबद्दल तर मी बोलतच नाही. आपल्या घरात या तिन्हींचे वापरकर्ते कोण आहेत, हे मला ठाऊक आहे.

आता शेवटचं, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या कानाचं कारण सापडलं नाही. पण ज्या कारणाने रोज कान मरतात ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ते आपण वर्गणी काढून भाड्याने आणतो.

अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेचा हिशेब असा आहे. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास, ही मर्यादा. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. मिरवणुकीच्या भिंतीपुढे नाचणारी पोरं किती तास नाचतात? दुसऱ्या दिवशी म्हणतात, "कानात कुईं होतंय, उद्या जाईल." बहुतेक वेळा जातंही. पण पेशींच्या वहीत त्याची नोंद राहू शकते, आणि ती वही पुन्हा कोरी मिळत नाही. आपल्या देशात ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा लिहून ठेवली आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर नको, हेही त्यात आहे. राज्य सरकार वर्षातले पंधरा दिवसांपर्यंत सणांसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, तेवढीच काय ती सवलत. पण आपण नियम वाचत नाही, कारण वाचून दाखवणाऱ्याचा आवाज भिंतीपुढे ऐकूच येत नाही.

"आनंदाच्या प्रसंगी थोडा आवाज व्हायचाच, बाईंना काय कळतंय?" असं म्हणणाऱ्यांना सांगते, मी मिरजेची आहे. चौघडा ऐकत मोठी झाले. लेझीम, हलगी, झांजा, सगळं आवडतं. वाजवणारा माणूस थकतो, थांबतो, पाणी पितो, तेवढ्यात कानालाही विसावा मिळतो. यंत्र थकत नाही. छातीत धडधड होईपर्यंत जो आवाज चढवावा लागतो, त्यात आनंद आहे की फक्त दुसऱ्या गल्लीपेक्षा आपली भिंत मोठी, हे तुम्हीच ठरवा.

येत्या वैशाखात आपल्या घरात लग्न आहे. धाकट्या दिरांच्या नातीचं. वरातीला 'साउंड' सांगितल्याचं माझ्या उजव्या कानावर आलं आहे (तो अजून चालतो). मला निरोप आला की, "काकूंना त्रास होत असेल तर त्यांच्यासाठी कार्यालयात आतली खोली ठेवू." तुमचं प्रेम कळतं. पण माझं उत्तर इथे सगळ्यांसमोर लिहिते. मी आतल्या खोलीत बसणार नाही. माझा एक कान आधीच गेलाय, मी दुसरा खोलीत लपवून वाचवीन. पण त्या भिंतीपुढे नाचणाऱ्या आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरांचे कान कुठल्या खोलीत ठेवणार? सनई-चौघडा ठेवा, हलगी ठेवा, मी पहिल्या रांगेत बसेन आणि फेर धरायलाही उठेन. साउंड ठेवलात तर अक्षता घरूनच टाकीन. यात रुसवा नाही. माझ्या वयाच्या बाईच्या हातात आता एवढंच हत्यार आहे, तेही म्यानातून काढायला लावू नका.

आणि घरातल्या कुणालाही, लहान असो थोर असो, एका सकाळी एका कानात शिट्टी लागली आणि फोन दुसऱ्या कानाला घ्यावासा वाटला, तर तेल तापवू नका. रिक्षा बोलवा. डॉक्टर म्हणाले "वयोमान", तर त्यांना नम्रपणे विचारा, "मग दुसरा कान कुणाचा?"

वन्सं, तेलाची वाटी परत पाठवत आहे. त्यात घरी केलेले बेसनाचे लाडू आहेत. राग मानू नका, फोन करा. फक्त मी "हॅलो" दोनदा म्हटलं तर समजा, सवयीने फोन पुन्हा डाव्या कानाला लावला आहे.

तुमची,
बाई